गोड शेवटाचे मोल

आश्विन सरत आला, घराघरांवर आकाशकंदील चढले, वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या सांगाड्यांना कागद चिकटू लागला आणि स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी सुरू झाली, की मराठी वाचणाऱ्या घराला आणखी एका वस्तूची ओढ लागते. ती वस्तू म्हणजे दिवाळी अंक. त्यातले परिसंवाद आणि वैचारिक लेख कोणी वाचतो, कोणी वाचायचे म्हणून बाजूला ठेवतो. राशिभविष्य सर्वच वाचतात, पण कबूल फारसे कोणी करीत नाही. आणि या दोहोंच्या मधोमध, बहुधा पाडव्याच्या दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत जी वाचली जाते ती एक प्रेमकथा असते. दोन जीव भेटतात, दुरावतात, काही काळ झुरतात आणि दिवे लागण्याच्या सुमारास पुन्हा एकत्र येतात. वाचणारी व्यक्ती अंक मिटते, क्षणभर छपराकडे पाहते आणि चहाचे आधण ठेवायला उठते.

या कथेची टवाळी करणे फार सोपे आहे. समीक्षकांनी ती केलीही आहे. 'गोडगोड', 'स्वप्नाळू', 'फावल्या वेळची' ही विशेषणे तिच्या वाट्याला इतक्या नियमाने आली आहेत, की ती लिहिणाऱ्या लेखकलेखिकांची नावे वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत आटोपली जातात. तिच्यावरचे आक्षेप सर्वस्वी खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जी कथा शंभराहून अधिक वर्षे, पिढ्या बदलल्या तरी, सणाच्या दिवशी माणसाला हवीशी वाटते, तिच्यात केवळ साखरच आहे असे मानणे हा वाचकांच्या बुद्धीचा अपमान होय. सणाच्या प्रेमकथेचा शेवट गोड असतो, हा तिचा दोष नव्हे. त्या गोडीची किंमत कथेतील माणसांनी मोजली आहे की नाही, हाच तिच्याविषयी विचारण्याजोगा खरा प्रश्न आहे.

या कथेचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या किनाऱ्यापासून दूर नाही. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने काढला. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर. गोव्याची हद्द ओलांडून सावंतवाडीच्या मुलखात शिरले की लवकरच लागणारे आजगाव हे त्यांचे गाव. बंगाली भाषेवर त्यांचा असा जीव जडला, की त्या भाषेतील कथाकादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्याच, पण आडनावही बंगाली धाटणीचे घेतले. १८९५ साली त्यांनी मुंबईत 'मनोरंजन' सुरू केले. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांसारखा आपल्या सणाचाही एक अंक असावा, ही कल्पना त्यातूनच पुढे आली असे सांगतात. म्हणजे आज जो अंक आपण सर्वस्वी आपला समजतो, त्याच्या जन्मात नाताळाचाही थोडा हात आहे. गोव्याच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. ज्या गावात दिवाळीचे फराळाचे ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जाते आणि नाताळात तिथून दोदोल व नेवऱ्या येतात, त्या गावाला हा व्यवहार ओळखीचाच आहे.

नाताळच्या कथेची परंपरा तोवर इंग्रजीत चांगली रुजली होती. चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या डिसेंबरात बाहेर पडले. कंजूष स्क्रूजच्या हृदयपरिवर्तनाची ती कथा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिच्या मध्यावर एक मोडलेले प्रेम आहे, याची आठवण फार थोड्यांना राहते. तरुण स्क्रूजची वाग्दत्त वधू त्याला सोडून जाते, कारण त्याच्या मनात तिची जागा पैशाने घेतली आहे हे तिने ओळखलेले असते. तो पुढे सुधारतो, दानशूर होतो, पुतण्याच्या घरी नाताळच्या जेवणाला जातो; पण ती मात्र त्याला परत मिळत नाही. डिकन्सने शेवट गोड केला, परंतु हिशेबातली ती एक रक्कम त्याने माफ केली नाही. म्हणूनच तो शेवट खरा वाटतो.

याहून लहान आणि याहून प्रसिद्ध अशी दुसरी कथा ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात ती १९०५ च्या डिसेंबरात छापून आली. भाड्याच्या खोलीत राहणारे एक तरुण जोडपे. नाताळ उद्यावर आलेला आणि बायकोच्या हाती एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. नवऱ्याच्या वडिलोपार्जित घड्याळासाठी साखळी घ्यावी म्हणून ती आपले गुडघ्यापर्यंत पोचणारे केस वीस डॉलरना विकते. आणि तिच्या त्याच केसांसाठी नक्षीच्या फण्या घ्याव्यात म्हणून त्याने आपले घड्याळ विकलेले असते. दोन्ही भेटी निरुपयोगी ठरतात आणि तरीही कथा सुखान्त होते. एकमेकांसाठी दोघांनी काय दिले हे वाचकाने पाहिलेले असते. त्यापुढे काय मिळाले याचा हिशेब तो मागत नाही.

ही कथा लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्य मात्र गोड नव्हते. विल्यम सिडनी पोर्टर हे त्याचे खरे नाव. बँकेतील रकमेच्या अपहाराबद्दल १८९८ साली त्याला शिक्षा झाली आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्याने ओहायोच्या तुरुंगात काढला. पत्नी क्षयाने आधीच गेली होती. बाप तुरुंगात आहे ही गोष्ट लहान मुलीपासून लपविण्यात आली होती. 'ओ. हेन्री' हे टोपणनाव त्याच काळात रूढ झाले, आणि १८९९ च्या डिसेंबरात एका मोठ्या मासिकात या नावाने जी कथा आली तीही नाताळचीच होती. सणाच्या दिवशी आपल्या माणसांत नसणे म्हणजे काय हे ज्याला कळले होते, त्याने सणाच्या कथा लिहिल्या. गोड कथा लिहिणारे लेखक सुखासीन असतात, त्यांना जगाची झळ लागलेली नसते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे 'मनोरंजन'च्या पानांवर प्रेमकथेला आकार देणारे प्रमुख लेखक म्हणजे विठ्ठल सीताराम गुर्जर. हेही कोकणातलेच. बंगाली कथाकार प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथांचा संस्कार त्यांच्यावर होता. रहस्य, गैरसमज, चुकलेली ओळख, आणि शेवटी सारा गुंता सुटून जुळलेले लग्न, असा त्यांच्या कथांचा साचा. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 'एकच प्याला'ची पदे ज्यांनी रचली ते हेच गुर्जर. मराठी रंगभूमीवरील एका अतिशय दुःखान्त नाटकाला गाणी देणारा आणि मराठी मासिकांतील अतिशय सुखान्त कथा लिहिणारा लेखक एकच असावा, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

गुर्जरांच्या कथांत योगायोग फार, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खराच आहे. परंतु योगायोगांवाचून त्यांनी करायचे तरी काय होते? त्या काळच्या समाजात तरुण मुलगा आणि तरुण मुलगी एकमेकांना भेटणार कोठे? ब्रिटिश हिंदुस्थानात १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा केवढे वादळ उठले होते. शारदा कायदा १९२९ चा. त्यानेही मुलीचे किमान वय चौदा एवढेच ठरविले. ज्या वयात प्रेम म्हणजे काय हे कळावे, त्या वयापर्यंत मुलीचे लग्न होऊन तिला मुलेबाळे झालेली असत. अशा समाजात प्रेमकथा लिहावयाची, तर नायिका आधी उपवर आणि अविवाहित ठेवण्यासाठीच लेखकाला खटपट करावी लागे. मग कोणाची आई लहानपणी वारलेली असे, कोणाचे वडील सुधारक असत, कोणाची आगगाडी चुके, तर कोणी भलत्याच बिऱ्हाडाचे दार ठोठावी. आज हास्यास्पद वाटणारे हे योगायोग म्हणजे कुलूप लावलेल्या घराच्या खिडक्या होत्या.

आणि त्या खिडक्यांतून आत काय आले? लग्नाच्या बाबतीत मुलीलाही मन असते, ही एक साधी गोष्ट. ती सुधारकांनी व्याख्यानांतून सांगितली तेव्हा सनातन्यांनी सभा उधळल्या. तीच दिवाळी अंकातील कथेने सांगितली तेव्हा सनातन्यांच्या घरच्या बायकांनी ती दुपारी वाचली, आणि कोणाला पत्ता लागला नाही. या कथांनी समाज सुधारला असा दावा आम्ही करीत नाही. पण ज्या प्रश्नाचा उच्चारही घरात होत नव्हता, तो प्रश्न त्या फराळाच्या ताटाबरोबर घरात घेऊन आल्या, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

गोव्यात याच सुमारास कायद्यानेही एक पाऊल टाकले. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या, म्हणजे ऐन नाताळच्या तारखेच्या हुकमाने विवाह हा दोन व्यक्तींमधील दिवाणी करार ठरविण्यात आला. गोमंतकातील प्रत्येक कुटुंबाच्या परिचयाची 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' ही त्याच व्यवस्थेची पुढची पावले. वधूने स्वतः नोंदणी कचेरीत येऊन आपल्या हाताने सही करावयाची. त्या सहीमागे मुलीची इच्छा किती आणि घरच्यांचा आग्रह किती, हे कचेरीतील अधिकारी विचारीत नाही. त्याने विचारावे अशी अपेक्षाही नाही. तो प्रश्न कथाकाराचा आहे.

पुढच्या पिढीत हा प्रश्न दोन दिग्गजांच्या हाती आला. ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला डौल दिला, रचनेची शिस्त दिली आणि महाविद्यालयात शिकणारी, स्वतःच्या पसंतीविषयी बोलणारी नायिका घरोघर पोचविली. वि. स. खांडेकर यांची वाट निराळी. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. हे शिरोडे मित्रांच्या आजगावच्या शेजारचे. मिठागरांच्या त्या गावात त्यांनी दारिद्र्य पाहिले, १९३० चा मिठाचा सत्याग्रह पाहिला, आणि 'उल्का' व 'दोन ध्रुव' या १९३४ सालच्या कादंबऱ्यांची माणसे त्याच अनुभवातून उभी राहिली. खांडेकरांचे प्रेमिक सुखासाठी धडपडण्यापूर्वी त्या सुखावर आपला हक्क आहे काय, असे स्वतःला विचारतात. फडके वाचकाला प्रसन्न करीत आणि खांडेकर त्याला अस्वस्थ करीत, असे ढोबळपणे म्हणता येईल. पण दोघांनाही वाचक तोच होता आणि बहुधा त्याच दिवाळी अंकात तो दोघांनाही वाचीत होता. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीला प्रथम मिळाला तो खांडेकरांच्याच रूपाने.

परंतु या साऱ्या कथा पुरुषांच्या नजरेतून लिहिलेल्या होत्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालते, हे त्यात एका स्त्रीने लिहिले होते. ही लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. जिच्या पगारावर घर चालते, तिचे लग्न लांबणीवर टाकण्यात घरच्यांचाच स्वार्थ असतो, हे उघड सांगण्याचे धैर्य गोड कथेने तोवर दाखविले नव्हते. या पुस्तकानंतर मराठी प्रेमकथेला पूर्वीसारखे भोळे राहता आले नाही. किंवा राहता येऊ नये.

गोमंतकाकडे पाहिले तर हिशेब आणखी कठोर आहे. वि. स. सुखटणकरांच्या 'सह्याद्रीच्या पायथ्याशी' या १९३१ सालच्या संग्रहाने आणि सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसाईंच्या कथांनी गोव्याची माती, माणसे, जत्रा आणि घराणी मराठी कथेत आणली. पण आपल्याच देवळांच्या सावलीत स्त्रियांचा असा एक वर्ग होता, ज्यांच्यासाठी लग्न हा शब्दच रूढीने पुसून टाकला होता. बा. भ. बोरकरांनी 'भावीण' या कादंबरीत ते दुःख हाताळले. राजाराम पैंगीणकरांनी १९६९ सालच्या 'मी कोण?' या आत्मचरित्रात ते आतून, सोसलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितले. सणाच्या अंकातील नायिकेला शेवटी मंगळसूत्र मिळते तेव्हा आपल्याला समाधान वाटते. ज्यांना ते मिळूच नये अशी व्यवस्था याच समाजाने करून ठेवली होती, त्यांच्या समाजाने संघटित होऊन, शिकून, झगडून ती व्यवस्था मोडली. गोमंतकातल्या गोड शेवटाचे सर्वांत मोठे मोल त्यांनी चुकविले आहे, आणि त्यावरच्या प्रेमकथा अजून पुरेशा लिहिल्या गेलेल्या नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रेमकथेचा संसार 'मेनका', 'माहेर' यांसारख्या मासिकांनी सांभाळला. कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर अशा लेखिकांनी आणि व. पु. काळे यांच्यासारख्या लेखकांनी मध्यमवर्गीय घराच्या दोन खोल्यांत प्रेम कसे टिकते, हे सांगितले. त्यांची पुस्तके ग्रंथालयांत हाताळून हाताळून सैल झाली. पणजी, मडगाव, बेळगाव असो की बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद असो, घराबाहेरचा व्यवहार दुसऱ्या भाषेत चालणाऱ्या गावांत मराठीशी असलेले नाते ज्या वाचनाने टिकविले, त्यात या कथांचा वाटा मोठा आहे. मुलीने मराठी कथा वाचली ती व्याकरणाच्या प्रेमाने नव्हे. पुढे त्या दोघांचे काय झाले, हे कळावे म्हणून. भाषा टिकविण्याच्या परिषदांत या गोष्टीची नोंद सहसा होत नाही.

या लेखनामागचे कष्टही दिसत नाहीत. दिवाळी अंकासाठी कथा हवी असल्याचे संपादकांचे पत्र पावसाळ्यातच येते. बाहेर श्रावणाची झड लागलेली, भिंतींना ओल आलेली, आणि लेखकाने पणत्या, रांगोळी व पहाटेचे अभ्यंगस्नान लिहावयाचे. पाने ठरलेली, मुदत ठरलेली, शेवटही बहुधा ठरलेला. या सर्व बंधनांत राहून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणे हे काम कमी प्रतीचे नव्हे. पेढीवरचा सोनार जुन्याच नमुन्याची पाटली घडवितो. पण सोने खरे असले की ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते.

सोने खरे असले की, हीच मेख आहे. परदेशात सणाच्या प्रेमकथेचा आता मोठा उद्योग झाला आहे. लंडनच्या १९०८ साली स्थापन झालेल्या 'मिल्स अँड बून'च्या पुस्तकांचे गठ्ठे आपल्याकडच्या ग्रंथालयांनीही पाहिले आहेत. अमेरिकेतील 'हॉलमार्क' दूरचित्रवाहिनी दर नाताळाला नव्या प्रेमचित्रपटांची रांगच लावते. शहरात नोकरी करणारी मुलगी सुट्टीला गावी येते, तिथे तिला जुना सोबती भेटतो, बर्फ पडते आणि सर्व काही ठीक होते. लोक ते आवडीने पाहतात, त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. एकटेपणाने ग्रासलेल्या माणसाला सणाच्या रात्री दोन घटकांचा दिलासा मिळत असेल, तर तो मिळावा. परंतु त्या कथांत अडथळा असा राहिलेलाच नाही. एक न पोचलेला निरोप किंवा अर्धवट ऐकलेले वाक्य एवढ्यावर दोघांचा दुरावा उभा असतो, आणि फुंकर मारली की तो उडून जातो. आपल्या दिवाळी अंकांतील बऱ्याच कथाही हल्ली त्याच वळणावर चालल्या आहेत.

हे सर्वांत खेदकारक अशासाठी, की अडथळे आपल्या अवतीभवती अजून तसेच उभे आहेत. जात उभी आहे. ती आता थेट बोलत नाही, पत्रिकेच्या आडून बोलते. 'आमची काही हरकत नाही, पण लोक काय म्हणतील' या वाक्याने मोडलेली लग्ने कोणत्या वाड्यावर नाहीत? बोटीवर किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा वर्षातून काही आठवडे घरी येतो, त्या काही आठवड्यांत त्याच्यासाठी मुलगी पाहिली जाते, लग्न होते, आणि पुढची दिवाळी ती सासूसासऱ्यांबरोबर फोनकडे पाहत घालविते. आईवडिलांना दुसरे कोणी नाही म्हणून लग्न न केलेली मुलगी आहे. पत्नी गेल्यानंतर साठीच्या उंबरठ्यावर कोणाची तरी सोबत हवी असलेला, पण मुलांपुढे तो शब्द काढायला संकोचणारा बाप आहे. यांतली प्रत्येक कथा गोड शेवटाला पात्र आहे. मात्र तो शेवट फुकट मिळणार नाही. कोणाला तरी आपला हट्ट सोडावा लागेल, कोणाला घराचे दार उघडावे लागेल, कोणाला चार माणसांत ताठ मानेने उभे राहावे लागेल. ते होताना वाचकाला दिसले, तर त्याच्या डोळ्यांत येणारे पाणी खरे असेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि त्यांत लिहिणाऱ्या नव्या लेखकलेखिकांना आमचे सांगणे एवढेच आहे. शेवट गोड करण्याची लाज बाळगू नका. दुःखान्त म्हणजे श्रेष्ठ आणि सुखान्त म्हणजे हिणकस, हा समज आपण अकारण जोपासला आहे. सणाच्या दिवशी वाचक आशेने पान उलटतो. त्याला निराश करण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. पण त्याला फसवूही नका. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो, त्याची कडू बी जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला हा क्रम कथाकारांनीही पाळावा. आधी कडू, मग गोड. आणि गोड द्यायचे ते हात आखडता न घेता.